चूक कामाची कीं माणसाची?

आमच्या घरीं रात्रीचें जेवण सर्वांनीं एकत्र बसून घेण्याचा प्रघात अद्याप टिकून आहे. थोरले बंधु ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रांतून निवृत्त झाले, त्यासही आतां बरींच वर्षें लोटलीं. त्यांचा मुलगा संगणकाच्या एका कचेरींत आज्ञावली, म्हणजे ज्यास सॉफ्टवेअर म्हणतात तें, लिहिण्याचें काम करतो. गेल्या महिन्यांत एके रात्रीं हा पुतण्या पानावर बसला खरा, पण घास कांहीं घशाखालीं उतरेना. वहिनींनीं दोन वेळां विचारल्यावर हकीकत बाहेर आली. त्यानें लिहिलेल्या कामांत त्याच्या प्रमुखास एक दोष सांपडला होता; आणि "असलें लिहिण्यापेक्षां घरीं बसला असतास तर बरें झालें असतें," असें तो प्रमुख सर्व सहकाऱ्यांसमक्ष म्हणाला होता. राजीनाम्याचा मसुदा तयार होता. पाठवावयाचा तेवढा राहिला होता.

"दोष होता कीं नव्हता?" बंधूंनीं विचारलें.

"होता, बाबा."

"मग राग कशाचा? आम्ही याहून कडक शब्द ऐकून घेतले आहेत. अणुभट्टीच्या कामांत गोड बोलून भागत नाहीं."

"राग दोष दाखविल्याचा नाहीं, बाबा. घरीं बस म्हटल्याचा आहे."

यावर बंधु कांहीं बोलले नाहींत. पण वाद तेथें मिटला नाहीं, आणि माझ्या मनांतून तर तो अजून गेलेला नाहीं. हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नव्हे. जेथें पुष्कळ माणसें मिळून एखादें नाजूक काम करतात, तेथें चुकणाऱ्याशीं प्रमुखानें कसें बोलावें, हा सर्वत्र पडणारा प्रश्न आहे. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

संगणक आणि आमचें ट्रॉम्बे यांचें नातें जुनें आहे. १९६९ सालीं येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत टीडीसी-१२ नांवाचा संगणक तयार झाला. त्या नांवांतील पहिलें अक्षर ट्रॉम्बेचेंच. पुढें १९९१ सालीं याच केंद्रानें अनेक गणकयंत्रें एकत्र जोडून 'अनुपम' हा महासंगणक उभा केला. परंतु यंत्र कितीही मोठें असलें, तरी तें हुकुमाचें ताबेदार. माणसानें लिहून दिलेल्या आज्ञा तें अक्षरशः पाळतें, आणि आज्ञा चुकली तर ती चूकही तितक्याच निष्ठेनें पार पाडतें. म्हणून एकानें लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यानें ओळीनें तपासावी, अशी त्या व्यवसायांत रीत आहे. आमच्या घरांतील वादाचें मूळ या तपासणींत आहे.

तपासणी कडक हवी, हें बंधूंचें म्हणणें मुळींच खोटें नाहीं. कॅनडाच्या साह्यानें ट्रॉम्बेस 'सायरस' ही अणुभट्टी उभी राहिली आणि १९६० सालीं ती प्रथम चालू झाली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीनें पुढें कर्करोगावर किरणोपचार करणारें 'थेरॅक-२५' हें यंत्र बनविलें. १९८५ ते १९८७ या काळांत या यंत्रानें कॅनडा व अमेरिका येथील सहा रुग्णांस ठरल्याहून कितीतरी पटींनीं अधिक किरण दिले, आणि त्यांतील कांहीं रुग्ण दगावले. यंत्राच्या आज्ञावलींत दोष होते. ती मुख्यतः एकाच माणसानें लिहिलेली होती, तिची स्वतंत्र तपासणी झालेली नव्हती, आणि तक्रारी येऊं लागल्यावरही असें घडणें शक्य नाहीं, अशीं उत्तरें प्रथम मिळत होतीं. दोष वेळेवर दाखविणारा कोणी नसला, तर त्याची किंमत तिऱ्हाइतास जिवानें मोजावी लागते. तेव्हां चुकीकडे कानाडोळा करणें म्हणजे सहृदयता, असें कोणीं समजूं नये.

कडक पारखीचा सर्वांत गाजलेला पुरस्कर्ता म्हणजे फिनलंडचा लिनस टॉरवल्ड्स. हेलसिंकी येथें शिकत असतां, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, १९९१ सालीं त्यानें 'लिनक्स' या आज्ञावलीस प्रारंभ केला आणि ती सर्वांस खुली करून दिली. जगभरच्या हजारों लोकांनीं तींत भर घातली. आज आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या तळाशीं तीच आहे आणि जगांतील अग्रगण्य महासंगणकही तिच्यावरच चालतात. इतक्या लोकांचें काम निवडून घेणारा हा पुरुष जिभेचा मात्र फार तिखट. एखादें काम पसंत पडलें नाहीं, कीं तें करणाराची अक्कल आणि लायकी तो पत्रांतून चारचौघांत काढीत असे. २०१३ सालीं एका जाणत्या सहकाऱ्यानें यास उघड हरकत घेतली, तेव्हां खोटी सभ्यता आपणांस जमावयाची नाहीं, असा त्याचा पवित्रा होता. त्या सहकाऱ्यानें २०१५ सालीं तें काम सोडल्याचें जाहीर केलें.

पुढें १६ सप्टेंबर २०१८ रोजीं अशी गोष्ट घडली कीं, जिची कोणास फारशी अपेक्षा नव्हती. टॉरवल्ड्सनें जाहीर क्षमा मागितली. आपल्या वागण्यानें लोक दुखावले, कांहीं तर कदाचित् या कामापासून कायमचे दूर गेले, हें त्यानें मान्य केलें. आणि माणसांच्या भावना समजून घेण्यासाठीं साह्य घ्यावें म्हणून कांहीं काळ तो कामावरून बाजूस झाला. त्याच सुमारास त्या मंडळींनीं वर्तनाचे नवे नियम स्वीकारले. ऑक्टोबरांत तो परत आला. त्याच्या अनुपस्थितींतही लिनक्सचें काम थांबलें नव्हतें, आणि तो परतल्यावर तपासणी ढिली करावी, असें कोणीं ठरविलें नाहीं.

शब्दांचा मार नेहमीं वरून खालींच बसतो, असेंही नाहीं. त्याच वर्षीं, १२ जुलै रोजीं, 'पायथन' या संगणक-भाषेचा जनक गिडो व्हान रॉसम यानें तिचें नेतृत्व सोडलें. भाषेंत एक लहानसा बदल करावा कीं नाहीं, या वादांत त्याचा निर्णय अखेर मान्य झाला. पण तेवढ्यासाठीं इतकें भांडावें लागलें आणि इतका रोष पत्करावा लागला, कीं तो अगदीं थकून गेला. पुढें पांच जणांचें निवडून दिलेलें मंडळ तो भार वाहूं लागलें. अनुयायी म्हणविणारांनींही ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मग सत्य सांगावें कसें? या बाबतींत वहिनींनीं काढलेले उद्गार मला मार्मिक वाटले. त्या म्हणाल्या, "आमटींत मीठ जास्त पडलें, तर आमटी खारट झाली म्हणावें. करणारीला स्वयंपाक येत नाहीं म्हटलें, तर उद्यां ती मीठच कमी टाकील. आमटी मात्र सुधारणार नाहीं." आज्ञावली लिहिणारांच्या शास्त्रांतही हेंच सांगितलेलें आहे. जेराल्ड वाइनबर्ग या अमेरिकन ग्रंथकारानें १९७१ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं लिहिणारानें आपल्या कामांत अहंकार गुंतवूं नये, म्हणजे त्यांतील दोष दुसऱ्यानें काढला तरी तो अंगाला लागत नाहीं. १९७६ सालीं आय.बी.एम. कंपनींतील मायकेल फेगन यानें तपासणीची एक शिस्तशीर पद्धत प्रसिद्ध केली. तींत दोष शोधण्यावर सारा कटाक्ष असे. पण सांपडलेल्या दोषांवरून त्या माणसाची योग्यता वरिष्ठांनीं ठरवूं नये, असा दंडक होता. बैठकीचें नियमन करणारा एक जण नेमलेला असे. त्यास 'मॉडरेटर' म्हणत.

हा शब्द पुतण्याच्या तोंडून ऐकतांच बंधु हंसले. "अरे, तो तर आमचा शब्द! १९५६ सालच्या ऑगस्टांत 'अप्सरा' चालू झाली, तिच्या हौदांतलें पाणी हाच तिचा मॉडरेटर. अणु फुटला कीं न्यूट्रॉन भरधाव सुटतात. तसे वेगांत असतांना ते पुढचा अणु सहसा फोडीत नाहींत. पाण्यांतून जातांना त्यांचा वेग मंदावतो, आणि मगच युरेनियम त्यांना धरतें, भट्टी चालते."

"म्हणजे बाबा, सावकाश गेलेलाच काम करतो!"

बंधूंनीं मान हलविली. उघड कबुली देण्याचा त्यांचा स्वभाव नाहीं. परंतु तेवढ्यानें मला समाधान वाटलें.

याला अनुभवाचाही आधार आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीनें रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्या पाहिल्या, आणि १९९६ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जेथें प्रमुख चांगली, तेथें औषध देण्यांतील चुका कमी असतील, असा तिचा तर्क होता. नोंदी पाहतां तेथेंच चुका अधिक दिसल्या! खोलांत शिरल्यावर उलगडा झाला. तेथें चुका अधिक होत होत्या असें नव्हे, तर त्या निर्भयपणें सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणीं रागावणाऱ्या प्रमुखाच्या धाकानें त्या झांकल्या जात. धाकानें चूक नाहींशी होत नाहीं. ती दिसेनाशी होते.

आपल्या देशांतील एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजीं 'एसएलव्ही-३' या अग्निबाणाचें पहिलें उड्डाण फसलें आणि तो बंगालच्या उपसागरांत पडला. मोहिमेचे प्रमुख होते अब्दुल कलाम. त्या दिवशीं पत्रकारांसमोर संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनीं आपल्या शिरावर घेतली. अपयशाची चिकित्सा मात्र कसून झाली. तींत कोणतीही सवलत नव्हती. पुढें १८ जुलै १९८० रोजीं उड्डाण यशस्वी झालें, तेव्हां पत्रकारांशीं बोलण्यास धवनांनीं कलामांस पुढें केलें. ही हकीकत कलाम पुढें आयुष्यभर सांगत असत. कठोरपणा कोठें ठेवावा आणि माया कोठें, याचा हा धडा होय.

असो. पुतण्याची गोष्ट अर्धवट राहिली. आठ दिवसांनीं तो माझ्या खोलींत येऊन बसला आणि म्हणाला, "काका, एक सांगायचें राहिलें. जो दोष निघाला, तो आमच्याकडील एका नव्या मुलीच्या आधींच लक्षांत आला होता. ती बोलली नाहीं."

"कां बरें?"

तो खालीं पाहूं लागला. "महिन्यापूर्वीं तिनें एक शंका विचारली होती. एवढेंही कळत नाहीं का, असें मी तिला सर्वांदेखत म्हणालों होतों."

आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलों. दुसऱ्या दिवशीं त्यानें त्या मुलीची क्षमा मागितली, आणि तीही सर्वांदेखत मागितली. प्रमुखाशीं तो एकांतांत बोलला. दोष कबूल केला, आणि कोणतें वाक्य लागलें तेंही सांगितलें. प्रमुखानें ऐकून घेतलें. त्याच्या वागण्यांत किती पालट पडतो, हें काळच ठरवील. राजीनाम्याचा कागद अजून खणांत आहे. परंतु ती मुलगी आतां शंका विचारूं लागली आहे, आणि गेल्या आठवड्यांत तिनें याच्या कामांतील दोन चुका काढल्या, हें सांगतांना त्याच्या मुद्रेवर मला समाधान दिसलें.

नव्या सुनेची पहिली पोळी, शाळेंतून आलेलें मुलाचें प्रगतिपुस्तक, आजोबांचा चुकलेला हिशेब. प्रत्येक घरांत असे प्रसंग रोज येतात. चूक दिसली तर ती स्पष्ट सांगावी. मात्र तोंड उघडण्यापूर्वीं आपण आमटीविषयीं बोलत आहोंत कीं करणारीविषयीं, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.