मत्स्यकुंडाच्या गाळणीची पाणीपातळी

दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यांत मोडतो. येथें मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यानें कुंडालाच जोडलेल्या गाळणीच्या कप्प्यांतील पाणी नित्य पाहावें. उन्हाळ्यांत तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. त्यांत पंप थांबला तर मासे गुदमरतात.

कुंडांतील पाणी फटींतून पहिल्या कप्प्यांत पडतें, दुसऱ्यांत स्पंजांतून गाळलें जातें व तिसऱ्यांतील पंप तें परत कुंडांत सोडतो. कुंडाची पातळी फटीच्या उंचीनें ठरते. म्हणून आटलेल्या पाण्याची घट केवळ पंपाच्या कप्प्यांत दिसते.

कुंड चढून सर्व कप्पे उतरल्यास फटीची जाळी शेवाळानें तुंबली असें समजावें. पहिला कप्पा चढून पंपाचा उतरल्यास स्पंज तुंबला. तो कुंडांतून काढलेल्या पाण्यांतच विसळावा. क्लोरीनच्या पाण्यानें उपयुक्त जंतु मरतात. फक्त पंपाचा कप्पा हळूहळू उतरल्यास पाणी आटलें. झपाट्यानें उतरल्यास गळती शोधावी.

पाणी आटतें, पण क्षार मागें राहतात. त्यावर खाऱ्या विहिरीचें पाणी घालीत गेल्यास क्षार वाढतच जातात. यास्तव साठविलेल्या पावसाच्या पाण्याची भर घालावी. वीज जातांच फटीवरचें पाणी कप्प्यांत उतरतें. म्हणून ते काठोकाठ भरूं नयेत. पंप चालू असतांना योग्य पातळीची रेघ ओढून ठेवावी, म्हणजे घट तत्काळ कळेल.