वऱ्हाडांतील चूल आणि सरकारी अनुदान

बुलढाणा जिल्ह्यांत कापसाचा हंगाम संपला कीं, पऱ्हाट्या व तुराट्यांचे भारे डोक्यावर घेऊन घराकडे परतणाऱ्या स्त्रिया दृष्टीस पडतात. त्यांची धुरापासून सुटका व्हावी, म्हणून केंद्र सरकारनें १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना आरंभिली. अनामत रकमेवांचून गॅसची जोडणी, आणि तीही स्त्रीच्याच नांवें, ही कल्पना खरोखर स्तुत्य होय. पुढें मे २०२२ मध्यें टाकीमागें २०० रुपये व ऑक्टोबर २०२३ मध्यें ३०० रुपये अनुदान ठरलें. २०२४ सालीं राज्य सरकारनें अन्नपूर्णा योजनेखालीं वर्षास ३ टाक्या मोफत देण्याचें जाहीर केलें.

‘मोफत’ हा शब्द मात्र जपून वाचावा. टाकी घेतांना पूर्ण किंमत रोख मोजावी लागते. अनुदान मागाहून बँकेंतील खात्यांत जमा होतें. ज्या घराचा संसार रोजच्या मजुरीवर, त्यानें एवढी रक्कम एकदम आणावी कोठून? मग टाकी कोपऱ्यांत उभी राहते आणि चूल पेटते. पऱ्हाटीस दाम पडत नाहीं. पडतात ते स्त्रीचे श्रम व डोळे, आणि ते हिशेबाच्या वहींत कोण मांडतो!

१४.२ किलोच्या टाकीऐवजीं ५ किलोची लहान टाकी घेण्याची सोय या योजनेंत आहे. आपल्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईस ती सांगावी, तिचें खातें आधाराशीं जोडलेलें आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि शक्य असल्यास पहिल्या टाकीचे पैसे उसने द्यावे.