ऑनलाइन शिक्षण : मुभा मिळाली, वाट सुकर व्हावी

विद्यापीठीय शिक्षण ग्रामीण भागातील जनतेपर्यंत पोहोचावे, ही आकांक्षा नवी नाही. याच हेतूने १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे जुलै २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘स्वयम्’ ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची योजना सुरू केली. या अभ्यासक्रमांतून विद्यापीठाच्या पदवीसाठी श्रेयांक मिळविण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के ठेवली होती. २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. तथापि, नियमाने मिळालेली मुभा विद्यार्थ्याच्या पदरात पडण्याच्या मार्गात काही अडसर आहेत.

पहिला अडसर साधनांचा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. संगणक तर केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे होता. त्यानंतर भ्रमणध्वनीचा प्रसार झपाट्याने झाला, हे खरे. परंतु घरातील एकाच भ्रमणध्वनीवर व्याख्यान ऐकणे आणि निबंध लिहून पाठविणे या भिन्न गोष्टी होत.

दुसरा अडसर भाषेचा. उच्च शिक्षणाचे बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विषयापूर्वी भाषेशीच झुंजतो.

तिसरा अडसर व्यवस्थेचा, आणि तोच सर्वांत कमी दिसणारा आहे. कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरावयाचा, याचा निर्णय सत्रारंभापूर्वी झाला नाही, तर विद्यार्थ्याचे श्रम श्रेयांकाविना वाया जाण्याचा धोका असतो. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या कामाची कार्यभारात नोंद न झाल्यास हे काम उपेक्षित राहते. मार्च २०२० नंतर टाळेबंदीत घाईने घेतलेल्या तासांवरून या पद्धतीची पारख करणेही उचित नव्हे. ती आपत्काळातील तात्पुरती सोय होती.

हे अडसर दूर करणे स्थानिक प्रयत्नांच्या आवाक्याबाहेर नाही. महाविद्यालयाने ग्राह्य अभ्यासक्रमांची यादी प्रवेशाच्या वेळीच फलकावर लावावी व मार्गदर्शक नेमावा. कठीण संज्ञांचे मराठी टिपण प्राध्यापकांनी तयार करावे. भारतनेटची जोडणी कार्यान्वित असलेल्या ग्रामपंचायतीने सायंकाळी एक खोली, वीज व बैठक उपलब्ध करून द्यावी. प्रयोगशाळेतील काम मात्र प्रयोगशाळेतच व्हावयास हवे.

साधन आणि मार्गदर्शन यांची अशी सांगड घातली गेली, तरच विद्यापीठाचे दार दूरच्या विद्यार्थ्यासाठी खऱ्या अर्थाने उघडेल.