नेट ‘कधीही’ जातं म्हणजे नेमकं कधी जातं?

सुट्टीत उंब्रजला घरी होते तेव्हाची गोष्ट. धाकटी बहीण इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरत होती. शेवटचा दिवस, आणि सबमिट करायच्या वेळीच नेट गेलं. दोन मिनिटांनी आलं, तोवर लॉगिन उडालेलं. शेवटी बाबांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून फॉर्म गेला. आई म्हणाली, "हे असंच आहे, कधीही जातं."

मला तो ‘कधीही’ खटकला. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट अनियमित आहे असं म्हणायलासुद्धा नोंदी लागतात. घरी एकही नोंद नव्हती. उपाय मात्र तीन झाले होते: राउटर नवा आणला, त्याची जागा बदलली, प्लॅन वाढवला. तिन्ही एकाच आठवड्यात! त्यामुळे कशाने काय झालं, हे कुणालाच सांगता येईना.

आधी एवढं लक्षात घ्या की नेट ही एक साखळी आहे. कॉम्प्युटर, राउटर, फायबरची डबी, खांबावरची वायर, कंपनी, आणि मग बाहेरचं जग. कुठलीही कडी सुटली तरी पडद्यावर तेच गोल चक्र फिरतं.

कडी शोधायला ‘पिंग’ ही आज्ञा पुरते. १९८३ मध्ये माइक मूस यांनी ती लिहिली आणि सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिलं. काम साधं आहे: समोरच्याला हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग करा (पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो), दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. अक्षरं आणि आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करायचे. पत्त्यानंतर वजाचं चिन्ह आणि टी जोडलं की पिंग चालूच राहतं. नेट गेलं की दोन्ही खिडक्या बघा:

१. दोन्हीकडून ओ नाही: दोष घरातच, वायफाय किंवा राउटरमध्ये. लॅनची वायर लावून बघा. त्याच वेळी मोबाइलवर वायफाय नीट चालत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नेटवर्क अडॅप्टरची वीजबचतीची खूण काढा.

२. राउटर ओ देतो, बाहेरून येत नाही: दोष बहुधा लाइनचा. फायबरच्या डबीवर लाल दिवा लागला असेल तर प्रकाशाचा सिग्नलच पोचत नाहीये.

३. दोन्हीकडून ओ येते, पण साइट उघडत नाही: डीएनएस किंवा ती साइटच अडली आहे.

मी आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या. नेट नऊ वेळा गेलं. त्यातल्या सात वेळा सकाळी साडेसहा ते सव्वासातच्या दरम्यान, आणि सातही वेळा दोन्ही खिडक्या गप्प. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. तो दरवेळी शून्यापासून सुरू झालेला. म्हणजे नेट जात नव्हतं, राउटरच बंद पडून पुन्हा चालू होत होता.

सकाळी साडेसहाला आमच्याकडे काय होतं? नळाला पाणी येतं आणि बाबा टाकी भरायला मोटर लावतात.

मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. घरातला व्होल्टेज तेवढा वेळ खाली जातो, दिवा मंद होतो. राउटरच्या अडॅप्टरमध्ये कपॅसिटर असतो, छपरावरच्या टाकीसारखा. पुरवठा क्षणभर घसरला तरी साठ्यावर काम चालतं. पण उष्णतेत वर्षानुवर्षं राहिलेला कपॅसिटर आतून सुकत जातो आणि ही टाकी लहान होते. आमचा राउटर नवा होता, अडॅप्टर मात्र जुनाच. पिन बसत होती आणि वायर कपाटामागून ओढलेली होती, म्हणून कुणी काढलाच नाही.

खात्री करायला एका वेळी एकच गोष्ट बदलली. जुन्या अडॅप्टरवर तीनदा मोटर लावली, तिन्ही वेळा राउटर बंद. नव्या अडॅप्टरवर तीनदा लावली, एकदाही नाही. (अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची धन-ऋण बाजू तीच हवी. जुना उघडू नका, आत भार साठलेला असू शकतो.)

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. वेल्समधल्या अ‍ॅबरहोसन गावाचं ब्रॉडबँड दीड वर्ष रोज सकाळी सातला कोलमडायचं. केबल बदलूनही फरक पडेना. २०२० मध्ये कारण सापडलं: एका घरात सातला सुरू होणारा जुना टीव्ही. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट गावभर पसरत होता. तिथेही धागा दिला तो घड्याळानेच.

राहिलेल्या दोन वेळा आमचा राउटर ओ देत होता, बाहेरून मात्र काही येत नव्हतं. त्या तारीख-वेळेसह कंपनीला कळवल्या आहेत. "नेट सारखं जातं" या तक्रारीवर "राउटर बदला" एवढंच उत्तर मिळतं. "मंगळवारी रात्री ९.४० ते ९.५२, राउटर चालू, बाहेर संपर्क नाही" असं लिहिलं की त्यांनाही लाइनच तपासावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी नेट गेलं की राउटरला दोष देण्याआधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे आता वही कॉम्प्युटरशेजारीच असते. पुढच्या फेरीचा फॉर्म बहिणीने सकाळी पावणेसातला भरला, मोटर चालू असताना.