हेलिकॉप्टराचे दोन सेवक

विजेवर चालणारें बिनतारी नियंत्रणाचें हेलिकॉप्टर मुलांकरितां घेतांना सर्वांचें लक्ष मोटारीकडे जातें. परंतु त्याचें उड्डाण वेगनियामक व सर्व्हो यांच्या इमानावर अवलंबून असतें. सुमारें ३२५ मिलिमीटर लांब पात्यांच्या, तीन लिथियम-पॉलिमर घटांच्या यंत्रास ४० अँपिअरचा नियामक सामान्यतः पुरतो. पूर्ण भरलेल्या घटांचा एकूण दाब १२.६ व्होल्ट होतो. तो नियामकास सोसला पाहिजे, व त्याची शक्ति मोटारीच्या कमाल प्रवाहाहून पाव हिश्शानें अधिक असावी.

तीन सर्व्हो तबकडी हालवितात, चौथा पुच्छाचा. तो सर्वांत चपळ हवा, कारण मुख्य पात्यांची उलट ओढ क्षणोक्षणीं त्यालाच सांवरावी लागते. ७६० मायक्रोसेकंदांच्या संकेताचा सर्व्हो १५२० च्या संकेतास जोडल्यास टोकास अडकून जळूं शकतो.

या चौघांस वीज देणारें मंडल बहुधा नियामकांतच असतें. तें दुबळें असल्यास एकाएकीं भार पडतांच दाब उतरतो, संकेतग्राहक बंद पडतो, आणि फिरतीं पातीं कोणाचेंच ऐकत नाहींत. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, काटकसर रंगरूपांत करावी, या मंडलांत नव्हे. आणि घरांत जुळणी करतांना मोटारीच्या तारा सोडवून ठेवाव्या.