गावाबाहेरच्या सोप्या वाटा

“जरा फिरून येतो,” असे म्हणून आमच्या आधीच्या पिढीतील मंडळी संध्याकाळी घराबाहेर पडत, तेव्हा ती कुठे जातात याची चौकशी कोणी करीत नसे. डोक्यावर टोपी, हातात काठी आणि बरोबर एखादा समवयस्क स्नेही, एवढ्या सरंजामावर ती गावाची शीव ओलांडून जात आणि दिवेलागणीला परत येत. आता फिरणे राहिले आहे, पण ते बागेतल्या गोल चकरांपुरते. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते आणि ठरलेला आकडा भरला की माणूस घरी परततो. त्यात वाईट काही नाही. मात्र अशा फिरण्यात कुठे जाऊन आल्याचे समाधान नसते, हेही खरे.

या हिवाळ्यात आम्ही काही रविवार इंदुराच्या आसपासच्या वाटा धुंडाळण्यात घालवले. त्याला निमित्त झाली आमची आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, जन्म रामबागेतला. एके दिवशी पोह्यांची बशी खाली ठेवीत ती म्हणाली, “आयुष्याची तीस वर्षं यशवंत सागराचं पाणी प्याले, पण तो तलाव काही कधी पाहिला नाही रे!” आम्ही तिला थेट तिकडेच न्यायला निघालो होतो. पण तिनेच अट घातली, “आधी जवळचं. पाय चालतात का ते तरी बघू.”

बाहेरगावच्या पाहुण्यांना इंदूर म्हटले की राजवाडा आणि सराफा आठवतो, तलाव आठवत नाहीत. माळव्याचे पठार सपाट, माती काळी, नद्या लहान आणि उन्हाळ्यात सुकणाऱ्या. इथे पाणी पाहिजे तर ते बांध घालून अडवावे लागते. सिरपूर, पिपल्यापाला, बिलावली, यशवंत सागर ही सारी जलाशये माणसाच्या हातची आहेत. फिरणाऱ्याचा फायदा असा, की जिथे बांध आहे तिथे बांधावरून सरळ, सपाट वाट आपोआप मिळते. चढ नाही, दम लागत नाही, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला झाडी. गुडघेदुखीवाल्यांसाठी जणू कोणी मुद्दाम आखून ठेवलेली!

आमचा पहिला रविवार सिरपूरचा. धार रोडने गाव जिथे संपायचे तिथे हा तलाव. आता गाव संपत नाही, ते तलावाला वळसा घालून पुढे गेले आहे. होळकर सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या पाण्यासाठी तो बांधला. मोठा सिरपूर आणि छोटा सिरपूर असे त्याचे दोन भाग आहेत. पाणी उथळ, भर पावसाळ्यातही फार तर दोन मीटर. हे उथळपणच पक्ष्यांना मानवते. मार्गशीर्षातल्या सकाळी सातच्या सुमारास आम्ही पोहोचलो, तेव्हा पाण्यावर धुके होते आणि त्यातून फक्त आवाज येत होते. मग हळूहळू एकेक आकार स्पष्ट झाला. काळेभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असे शेकडो पक्षी रांगेने पोहत होते. त्यांना मराठीत ‘वारकरी’ म्हणतात हे सांगताच आत्याने हात जोडले. पलीकडे थापट्या बदके, चोच पाण्यात घालून चाळणी धरल्यासारखी. टिबुकली बुडी मारायची आणि भलतीकडेच वर यायची. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी असा चालत होता, की त्याचा हलकेपणा पाहून आपल्याच देहाची लाज वाटावी.

आत्या चालली. अर्धा तास चालली, एका झाडाखाली बसली, थर्मासमधला चहा घेतला आणि पुन्हा चालली. सोप्या वाटेचा मोठेपणा हाच, की तिच्यावर कोणालाही मागे सोडावे लागत नाही. तरुण मंडळी गड-डोंगर चढतात, त्यांचे कौतुकच आहे. पण ज्या वाटेवर आजी आणि नातू एका चालीने जातात, तिथे जे बोलणे होते ते घरात होत नाही. घरात मध्ये दूरदर्शन असते, हातातला फोन असतो. बांधावर दोघांनाही एकच पाणी दिसते.

सिरपूर आज पाहायला मिळतो हेही गृहीत धरू नये. तलावाचे पाणी पिणे शहराने सोडले, तशी त्याच्यावरची नजरही काढून घेतली. सांडपाणी येऊ लागले, जलपर्णी माजली, काठची जमीन हळूहळू आक्रसू लागली. अशा काळात इंदुरातील काही माणसांनी हा तलाव धरून ठेवला. त्यांत चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे यांचे नाव आधी घ्यावे लागेल. ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ ही संस्था उभी करून त्यांनी वर्षानुवर्षे या पाण्याची राखण केली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७१ साली इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कराराखाली इंदूर आणि उदयपूर या भारतातील पहिल्या दोन शहरांना पाणथळ-नगर म्हणून मान्यता मिळाली. मान मोठा आहे. परंतु आमच्या ओळखीच्या दहा जुन्या घरांत विचारले, तर सिरपूरला अलीकडे जाऊन आलेले दोनच निघाले!

दुसरा रविवार रालामंडलचा. बायपासपलीकडची ही टेकडी होळकरांची शिकारीची जागा. माथ्यावर त्यांची शिकारगाह अजून उभी आहे. जिथे बंदुका वाजत त्या रानाला १९८९ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. साग, चंदन, बाभूळ, मधूनच निलगिरी. चितळ दिसतात, मोर तर ऐकूच येतात. वाट चांगली बांधलेली आहे, पण ती चढाची आहे हे आधीच सांगतो. आत्या पायथ्याच्या सावलीतच थांबली. निघण्यापूर्वी प्रवेशाची वेळ आणि सुटीचा वार विचारून घ्यावा, पाणी बरोबर न्यावे आणि खाण्याचे कागद परत आणावेत. गाणी वाजविणाऱ्या मंडळींना मात्र काय सांगावे हे आम्हांस अजून सुचलेले नाही.

या वाटेवर खाली पाहत चालावे. सागाची वाळकी पाने, झडलेल्या साली, वाकड्या काटक्या. आमच्या इंदुरातले विष्णू चिंचाळकर गुरुजी असल्याच वस्तूंतून चेहरे, पक्षी, प्राणी घडवीत. वाळके पान हातात घेऊन ते जरासे फिरवीत आणि त्यातला म्हातारा आपल्याकडे बघू लागे. १९२७ साली देवळालीकरांनी सुरू केलेल्या चित्रशाळेतून बेंद्रे, हुसेन, द. जो. जोशी यांच्यासारखी माणसे घडली, आणि इंदूरच्या निसर्गचित्रांचा लौकिक झाला. तो लौकिक बंद खोलीतून आलेला नाही. हातात रंगपेटी घेऊन माळव्याच्या उन्हात उभे राहणाऱ्यांनी तो मिळविला. आमच्याबरोबरच्या लहानग्याने रालामंडलहून खिसाभर काटक्या उचलल्या. अभयारण्यातून काही नेऊ नये, म्हणून फाटकापाशी त्या परत ठेवायला लावल्या तेव्हा तो रुसला. मग त्या काटक्यांचा तिथेच जमिनीवर एक बैल झाला आणि तंटा मिटला.

पायी फिरून शहर पाहण्याची गोष्ट निघाली की पॅट्रिक गेडिस आठवतात. या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल दिला. खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा आणि फिरण्याच्या जागा व्हाव्यात, असे त्यात सुचविले होते. शंभर वर्षे उलटली. नदीकाठी फिरायला जाऊ असे इंदुरात अजूनही सहजी कोणी म्हणत नाही, तलावाकाठीच जावे लागते.

तिसऱ्या रविवारी यशवंत सागर. हातोदच्या बाजूस गंभीर नदीवर यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत हे धरण झाले आणि कित्येक वर्षे शहराची तहान त्याने भागवली. १९७८ साली सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात आले. त्यानंतर जन्मलेल्यांना ‘तलावात किती पाणी उरलं’ या प्रश्नातली धास्ती कळायची नाही. वैशाखात तो प्रश्न ओट्यावर, दुकानात, कचेरीत, सगळीकडे असे. आकडा उतरला की घरात पिंपे भरून ठेवण्याची धांदल उडे.

पाणी दूरवर पसरले होते. काठच्या शेतात सारसांची एक जोडी होती, माणसाएवढी उंच, डोकी लाल. मध्य भारतात सारसांचा हा मोठा आसरा मानला जातो. आम्ही सगळे तिकडे दुर्बीण लावून बसलो. आत्याने एकदा पाहिले, “हं, छान आहेत,” म्हणाली आणि काठी टेकीत एकटीच पाण्याच्या बाजूला निघाली. पदराने चेहरा पुसला आणि बराच वेळ ती नुसती उभी राहिली. तिला हाक मारावीशी वाटली नाही.

तेवढ्यात तिथला चौकीदार आला. आम्हांला वाटले, पुढे जाऊ नका म्हणेल. आत्यानेच त्याला आधी गाठले आणि आपल्या इंदुरी हिंदीत विचारले, “क्यों भैया, इस साल कितना पानी है?”

त्याने फुटांत सांगितले. आत्याने मनाशी हिशेब केला, मान डोलावली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “जून निघेल.”