कोड म्हणजे निदान नव्हे

संशोधनाला लागण्याआधी एक सवय लावून घ्या: यंत्राने दाखवलेलं आणि आपण त्यावरून ठरवलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. मामाच्या जुन्या गाडीचं उदाहरण देतो.

डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला. अशा वेळी साधे ब्रेक सहसा चालतात, पण जोरात ब्रेक दाबला तर चाकं लॉक होऊन गाडी वळवता येत नाही. म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला सी००३५: पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. लगेच सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा परत हजर!

चूक कुठे झाली बघा. 'सेन्सर खराब आहे' असं कोड म्हणतच नाही. त्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर असतो, तशीच वायर, कनेक्टर आणि कंट्रोल युनिटही असतं. कोड हे निरीक्षण. 'सेन्सर गेला' हे फक्त एक गृहीतक. नव्या सेन्सरवरही तोच कोड आला, तेव्हा ते गृहीतक जवळपास बादच झालं.

मग आम्ही बॅटरी काढली, युनिटचा कनेक्टर सोडवला आणि त्या चाकाच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. म्हणजे सेन्सर आणि वायर दोन्ही एकदम मोजले. सुमारे ११०० ओहम. उजव्या चाकाचंही जवळपास तेवढंच. सगळं ठीक! इथेच थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो.

कारण गाडी उभी होती, चाकं सरळ होती. दिवा मात्र वळणावर लागायचा. म्हणून मीटर तसाच ठेवून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, आणि आकडा गायब, सर्किट तुटलेलं. चाकाजवळची वायर दर वळणाला वाकते. वरचं आवरण धड होतं, आतले तांब्याचे धागे तुटले होते. चाक सरळ असताना ती टोकं एकमेकांना टेकायची, म्हणून रीडिंग नॉर्मल यायचं.

(हा सेन्सर कॉइलवाला होता, म्हणून ओहम मोजून चाललं. नव्या गाड्यांतल्या हॉल सेन्सरला ही तपासणी लागू पडत नाही. साधन निवडण्याआधी आपण काय मोजतोय ते माहीत हवं.)

वायरचा तुकडा बदलला, कोड पुसला. पण 'दिवा गेला' हा पुरावा पुरेसा नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवली आणि स्कॅनरवर चारही चाकांचा वेग सलग येतोय ना, हे पाहिलं. मगच काम संपलं.

आता तुमच्या प्रयोगाकडे वळा. वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, त्याची शक्य कारणं कोणती, आणि प्रत्येक कारण कशाने खोटं ठरेल. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर समजा, तुम्ही अजून सेन्सरच बदलताय.